आजोबांचं सोनेरी ऑटोमॅटिक: तेच प्रश्न, पुन्हा एकदा

दिवाळीत कपाटं आवरली की आजोबांची घड्याळं बाहेर येतात आणि त्यांच्या मागोमाग प्रश्न. यंदाची बहुतेक पत्रं एकाच प्रकारच्या घड्याळाबद्दल आहेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, सोनेरी, ऑटोमॅटिक आणि नुकतंच कुणीतरी ‘रिस्टोअर’ करून दिलेलं. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

वडिलांच्या ऑटोमॅटिक घड्याळाला कितीचा सेल बसतो? (नाशिक)

सेल नसतोच. कुणी ‘बदलून दिला’ म्हणून पैसे घेतले असतील तर मागून घ्या.

रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. दुरुस्तीवाल्याने फसवलं का? (सोलापूर)

एकदम फसवणुकीवर येऊ नका. हात हलला की आतला रोटर, म्हणजे एक अर्धगोल वजन, फिरतो आणि स्प्रिंग भरते. तुम्ही निवृत्त आहात, दिवसभर वाचत बसता असं लिहिलंय. मग भरणार कशी? क्राउनने, म्हणजे बाजूच्या गोल बटणाने, पंचवीस-तीस फेरे किल्ली द्या आणि घड्याळ टेबलावर ठेवा. तीस तासांच्या वर चाललं तर घड्याळ ठीक आहे, तुम्हीच कमी हलता. दहा-बारा तासांत थांबलं तर ज्याने काम केलं त्याच्याकडे परत न्या. जास्त किल्लीने स्प्रिंग तुटते ही ऐकीव गोष्ट आहे. ऑटोमॅटिकची स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं बाहेरचं टोक डबीत सरकतं. काही मशिन्सना मात्र हाताने किल्ली बसतच नाही, तेव्हा क्राउन अडला तर जोर न करता विचारा.

हात झटकला की आतून ‘टक’ असा धक्का लागतो. काही सुटलंय का? (कोल्हापूर)

बहुधा नाही, आणि तसं असेल तर तुमच्याकडे जपण्यासारखी वस्तू आहे. जॉन हारवुड या इंग्रज कारागिराने १९२४ मध्ये स्वयंचलित मनगटी घड्याळाचं स्विस पेटंट घेतलं. त्याच्या घड्याळातलं वजन पूर्ण गोल फिरत नसे. पाळण्यासारखं झुले आणि दोन्ही बाजूंच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण फेरा घेणारा रोटर आणला, तरी ओमेगासारख्या कंपन्या चाळीसच्या दशकातही आपटणारंच मशीन बनवत होत्या. त्याला ‘बंपर’ म्हणतात. मनगटावर जाणवणारा तो मऊ ठोका सवयीचा झाला की आवडू लागतो. पण आवाज कोरडा, पत्र्यावर घासल्यासारखा असेल तर ते प्रकरण वेगळं. न उघडता हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

सराफ म्हणतात, हॉलमार्क नाही म्हणजे सोनं नाही. (सांगली)

भारतात २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा घड्याळं त्यातून वगळली होती. शिवाय तुमचं घड्याळ १९५८चं. त्यावर आपला हॉलमार्क यायचा कुठून?

मागचं झाकण उघडून आतून बघायला सांगा. स्विस अठरा कॅरेटला ०.७५० आणि स्त्रीच्या मुखाचा बारीक शिक्का असतो, चौदा कॅरेटला ०.५८५ आणि खारीचा. ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर मुलामा. ‘गोल्ड फिल्ड’ म्हणजे सोन्याचा जाड पत्रा, आत दुसरा धातू. बाहेरून सोनेरी आणि मागचं झाकण स्टीलचं असेल तर भरीव सोन्याची आशा सहसा सोडावी. शिक्केही खोटे मारतात, म्हणून सराफाच्या कॅरेटोमीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या मशीनवर, ठेवून बघा. पण ते मशीन वरचाच थर वाचतं, जाड मुलाम्याला ते फसू शकतं. कसोटीवर घासू मात्र देऊ नका.

आणि मोडीत घालायचा विचार असेल तर थांबा. मोडीत फक्त केसचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, सोनं धरतात. मशीन, तबकडी, काटे यांचे पैसे शून्य. आधी जुनी घड्याळं ओळखणाऱ्या माणसाला दाखवा, मग सराफाला.

काम करणारा म्हणतो, डायलवर डाग आहेत, रंगवून ‘अगदी नवंकोरं’ करून देतो. करू का? (पुणे)

नका करू. पत्रात एवढंच लिहून भागलं असतं, पण हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी आधीच करून बसलेलं असतं.

तबकडी रंगवतात म्हणजे काय करतात ते ऐका. खुणा उपटतात. जुना छाप, वार्निश आणि खालचा चांदीचा थर तेजाबाने नाही तर बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, काढून टाकतात. उरते पितळेची चकती. तिच्यावर नवा रंग आणि नवा छाप, आणि छाप ठोकळ्यासारखा. दहापट भिंगाखाली धरा: मूळ अक्षराची कड धारदार असते, रंगवलेल्याची कड पसरलेली. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ असतं ते निम्मं काचेच्या कडेखाली जातं, नाहीतर गायबच.

हे मी दुसऱ्यांना नावं ठेवून सांगत नाही. धंद्यात नवा असताना एका गिऱ्हाइकाच्या ओमेगाची तबकडी मीच बाहेर रंगवायला दिली होती. चारच्या खुणेपाशी चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग, बस. परत आली ती लखलखीत, आणि ‘ऑटोमॅटिक’मधला एक ‘टी’ नाही. गृहस्थ काही बोलले नाहीत, पैसे देऊन गेले. मला अजून लाज वाटते.

जुन्या घड्याळांना चटकदार रंगाच्या तबकड्या चढवून विकण्याचा धंदा आपल्याकडे इतका फोफावला, की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कौतुकाने नाही. ज्या मुंबईत फाव्र-लूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून स्विस घड्याळं आणत होती, तिचं नाव आता या कामासाठी घेतात!

पॉलिशचंही तेच. वीस मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. दोनदा बफ लागला की पट्टा अडकवायच्या कानांवर पितळ डोकावतं. भरीव सोन्यात पितळ दिसत नाही, पण कडा गोल होतात, शिक्का पुसतो, मागे कोरलेलं नाव फिकट होतं. एकदा गेलेली कड परत येत नाही.

मशीन साफ करा, तेल द्या, झिजलेला भाग बदला, काच बदला. तबकडी ब्लोअरने फुंकून तशीच बसवा. अंक वाचताच येत नसतील तर मूळ तबकडी मिळते का ते शोधा, आणि तुमची जुनी परत मागून घ्या. ‘गिऱ्हाइकाला चमक लागते’ असं सांगणाऱ्याकडून घड्याळ उचला आणि दुसऱ्याचं मत घ्या.

मागे ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. पोहायला चालेल? (रत्नागिरी)

नाही. हात धुतानाही काढा.

ऑनलाइन ‘सॉलिड गोल्ड’ एचएमटी कांचन स्वस्तात मिळतेय. (बेळगाव)

कांचन ऑटोमॅटिक खरी, सोन्याची नव्हे. मुलामा आहे. घड्याळ उत्तम, जाहिरात खोटी. मशीनचा उघडा फोटो मागा. दिला नाही तर विषय संपला.

सर्व्हिसिंगनंतर दोन महिने ठीक होतं, आता दिवसाला दहा मिनिटं पुढे जातं. (ठाणे)

फोन, स्पीकर किंवा पर्सचं चुंबकी बटण. हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे वेळ राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. शेजारी होकायंत्र धरा, सुई हलली तर बहुतेक तेच. चुंबकत्व उतरवायला मिनिटसुद्धा लागत नाही. त्यासाठी पुन्हा पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे मागत असतील तर देऊ नका. सुई हललीच नाही तर मात्र उघडून बघावं लागेल.

काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग भुकटी होऊन काचेखाली पडतोय. घरीच पुसू का? (अमरावती)

अजिबात नको. साठच्या दशकाआधीच्या घड्याळात तो रेडियम असू शकतो. चमक विझते, किरणोत्सर्ग नाही. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. काच बंद आहे तोवर घाबरायचं कारण नाही. धोका ती भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा. घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मुलांपासून दूर ठेवा आणि नेताना आधीच सांगा की रेडियम असावा. हे काम येत नसेल तर शहाणा कारागीर स्वतःच नाही म्हणेल.

बारा वर्षं उघडलेलं नाही, पण वेळ बरोबर दाखवतं. चालत्या गाडीला खीळ कशाला? (छत्रपती संभाजीनगर)

कारण तुमची गाडी तेलाशिवाय चाललीय. चार-पाच वर्षांत तेल सुकतं, धूळ मिसळून त्याची काळी पेस्ट होते आणि पोलादी टोकं तिच्यात घासत राहतात. ऑटोमॅटिकमध्ये हे लवकर कळत नाही, कारण स्प्रिंग सतत भरत असते आणि जोर कमी पडत नाही. गेल्याच आठवड्यात एक आलं होतं, मालकाच्या मते ‘एकदम झकास’. झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला नखाने लागेल इतका खोल चकाकता गोल ओरखडा. रोटरची कणी, म्हणजे तो ज्यावर फिरतो तो बारीक भाग, झिजलेली, रोटर कलून झाकण खरवडत होता. वेळेवर आणलं असतं तर साफसफाई आणि तेलावर भागलं असतं. आता कणी शोधतोय, ती कंपनी बनवत नाही.

तुमचं घड्याळ कानाशी धरून हळूच हलवा. रोटर फिरताना खरखर आली तर आजपासून हातात घालू नका, तसंच घेऊन या.