इंग्लंडच्या खेड्यात आपल्यासारखी गावकी, पंच, बांधाची भांडणं होती का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधली खेडी म्हणजे फोटोत दिसतात तशी नुसती फुलझाडं आणि चर्चचा मनोरा, की तिथेही आपल्यासारखा गावगाडा होता?

होता. बांधाची भांडणं तर भरपूर होती. फरक एवढाच की तिथे बांधच नव्हता! आणि एका गावात हा सगळा प्रकार आजही चालू आहे, म्हणून सगळ्या इंग्लंडबद्दल मोघम लिहिण्यापेक्षा त्या एकाच गावाबद्दल लिहितो.

मी मूळचा माढा तालुक्यातला, सध्या नोकरीमुळे नॉटिंगहॅममध्ये राहतो. आमच्या घरात चुलत्यांशी बांधाचा दावा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. दोन्ही बाजूंचे मूळ वादी-प्रतिवादी वारले, तारखा मात्र पडतच आहेत. त्यामुळे नॉटिंगहॅमशायरमध्येच लॅक्स्टन नावाचं एक गाव आहे आणि तिथे कुणी हद्द सोडून नांगरलं की गावाचे पंच शेतात जाऊन निकाल लावतात, असं ऐकलं तेव्हा गाडी काढून गेलो. आधी एकदा जूनमध्ये, मग पुन्हा दोन-तीनदा.

गावात शिरताच एक गोष्ट जाणवली. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या रानात एकटं उभं असतं, आपल्या वस्तीसारखं. लॅक्स्टनमध्ये लाल विटांची शेतकऱ्यांची घरं, कोठारं, गोठे सगळं गावातल्या रस्त्याला लागून आणि शेतं बाहेर. म्हणजे आपलं गावठाण आणि शिवारच. कारण सरळ आहे. जमीन एका जागी नव्हती, तुकडे शिवारभर विखुरलेले. मग घर कुठल्या तुकड्यावर बांधणार?

मध्ययुगात इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातली बरीच गावं अशीच होती. गावाची दोन-तीन प्रचंड मोठी शेतं, त्यांना आतून कुंपण नाही, झाडांची रांग नाही, बांध नाही. प्रत्येक शेतात शेकडो लांबट पट्ट्या आणि प्रत्येक कुळाच्या पट्ट्या सगळ्या शेतांत पसरलेल्या. चांगली जमीन, पाणथळ जमीन सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी. लॅक्स्टनमध्ये वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शेतं आजही आहेत. एका वर्षी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी क्रम सरकतो. कुणी म्हणालं की मी माझ्या पट्टीत यंदा मनाला येईल ते पेरतो, तर चालत नाही. पूर्वी पीक निघालं की त्या रानात सगळ्या गावाची जनावरं चरायला सोडत, त्यामुळे एकट्यानं वेगळं वागून भागणारच नव्हतं.

पट्टी लांबट का, याचं उत्तर नांगरात आहे. बैलांचं जड औत वळवणं त्रासाचं, म्हणून एका दमात जेवढी लांब तास मारता येईल तेवढी मारायची. ती लांबी पुढे २२० यार्डांवर ठरली, तोच फर्लांग. तेवढ्या लांबीची आणि २२ यार्ड रुंदीची जमीन म्हणजे एक एकर. आपण माढ्यात बसून ज्या एकरात बोलतो तो असल्या पट्ट्यांतून आलाय. आपली ३३ फुटांची शंकू साखळीसुद्धा इंग्रजी ६६ फुटी साखळीच्या बरोबर निम्मी. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हे मला लॅक्स्टनच्या शेताकडेला उभं राहून मनात गुणाकार करताना उमगलं आणि उगाच आनंद झाला.

आता पंचांबद्दल. नोव्हेंबरच्या अखेरीला, गहू पेरून झाला की, गावातल्या कुळांमधून नेमलेले बारा ज्युरी आणि त्यांचा एक म्होरक्या त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात उतरतात. पट्टीपट्टीची हद्द बघतात, खुंट्या ठोकतात. कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत, रस्त्याच्या कडेला किंवा सामाईक गवताळ जागेत औत घातलं असेल तर नोंद होते. थोडक्यात, बांध कोरणाऱ्याला पकडायचा दिवस. मग गावातल्या डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये जेवण आणि तिथेच दंडाची यादी. साधारण आठवड्याने त्याच पबमध्ये 'कोर्ट लीट' भरतं. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, दंडावर शिक्कामोर्तब होतं, पुढच्या वर्षीचे ज्युरी नेमले जातात. दंड अगदी किरकोळ. खरा दंड म्हणजे भर पबमध्ये सगळ्यांसमोर नाव वाचलं जाणं.

हा नुसता हौशी देखावा असेल असं मला आधी वाटलं होतं. पण १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या गावकोर्टांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्टाचा अपवाद मुद्दाम ठेवला गेला. वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "मोजणी कोण करतं?" म्हटलं, मोजणी नाही, चालत जाऊन बघतात. "आणि दुसऱ्या पार्टीला ते मान्य असतं?" असतं, म्हटलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही.

आपला कोंडवाडा तिथे 'पिनफोल्ड' नावाने होता. मोकाट जनावरं धरून त्यात कोंडणारा माणूस 'पिंडर', सोडवायला पैसे भरायचे. ज्या जागा नांगराखाली येत नाहीत, पाणथळ किंवा उताराच्या, त्यांना 'साइक' म्हणतात. त्यांच्यावरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. शेकडो वर्षं तिथे नांगर न लागल्यामुळे रानफुलं टिकली आणि त्या जागांना आता निसर्गसंरक्षणाचा दर्जा आहे.

मग बाकीच्या गावांचं काय झालं? कुंपणं घातली गेली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने ५,२०० हून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, बंदिस्त केली. पट्ट्या एकत्र झाल्या, सामाईक कुरणं गेली. एक गाय आणि चार बदकं सामाईक जागेवर पाळून ज्यांचं भागत होतं ते मजूर झाले, पुष्कळ जण शहरात गेले. शेतीचं उत्पन्न वाढलं असं म्हणतात. वाढलंही असेल. ते कुणाच्या घरात गेलं, हा वेगळा प्रश्न.

लॅक्स्टन वाचलं ते कुणाच्या पुण्याईने नाही. तिथली जमीन दोन मोठ्या जमीनदारांत वाटलेली होती आणि कुंपण घालण्यावरून त्यांचं आपसात जमेना, खर्चही मोठा. म्हणजे इथे भाऊबंदकी उपयोगी पडली! तरी काही भागाला कुंपण घातलं गेलंच, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालक अर्ल मॅनव्हर्सने पट्ट्या एकत्र करून त्यांची संख्या बरीच कमी केली. त्यामुळे आज दिसतं ते जसंच्या तसं मध्ययुग नव्हे, ट्रॅक्टर फिरेल एवढ्या रुंद पट्ट्या आहेत. जुनं रूप बघायचं तर मार्क पिअर्सने १६३५ मध्ये काढलेला नकाशा बघा. एकेक पट्टी दाखवलीय, कडेकडेने नांगरणारी, कापणी करणारी माणसं चितारलीत. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

पुढे १९५२ मध्ये ही पद्धत टिकावी म्हणून सरकारच्या शेती खात्याने गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सच्याच घराण्याच्या इस्टेटकडे. इथेच आपली तुलना मोडते. लॅक्स्टनचा शेतकरी कूळ आहे, सातबारा त्याच्या नावावर नाही. जमीन स्वतःची नसेल तर फूटभर हद्दीसाठी तीन पिढ्या कोर्टात कोण घालवेल? ज्युरी एवढ्या सुरळीत चालण्यामागे हेही आहे. आणि ज्युरीत बसायचे ते जमीन कसणारे. बिनजमिनीच्या मजुराला त्यात फारसा आवाज नव्हता, तेव्हा ग्रामस्वराज्य वगैरे समजू नका.

जायचं असेल तर स्वतःची गाडी न्या. साइकमधली फुलं जूनमध्ये. डव्हकोट इनच्या आवारात छोटं माहिती केंद्र आहे, तिथून पायवाटा निघतात. चर्चमध्ये मध्ययुगातली एका बाईची लाकडी मूर्ती आहे, ती चुकवू नका. चर्चमागे टेकाड दिसेल ते जुन्या किल्ल्याचं. आता वर नुसतं गवत आहे, पण तिन्ही शेतांचा अंदाज तिथून चांगला येतो. पाऊस पडून गेला असेल तर बूट जुने घाला. माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकटते.