प्रोपेनपासून प्रोपिलीन बनवताना प्लॅटिनमच्या उत्प्रेरकात कथील कशाला घालतात? नुसतं प्लॅटिनम चालत नाही का?

चालतं, पण फार वेळ टिकत नाही. कथील घालतात ते मुख्यतः काजळी कमी धरावी म्हणून. प्रोपेनमधून हायड्रोजन काढला की प्रोपिलीन होतं, आणि त्याला प्लॅटिनमचे थोडे अणूही पुरतात. कार्बन-कार्बन बंध तोडून मिथेन आणि कोक (म्हणजे ती काजळी, कार्बनचा थर) बनायला मात्र शेजारी शेजारी बसलेल्या अणूंचा मोठा घोळका लागतो. कथील मध्ये शिरून तो घोळका फोडतं. शिवाय ते प्लॅटिनमला इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळे तयार झालेलं प्रोपिलीन पृष्ठभागाला चिकटून न बसता लवकर सुटतं. आधाराला ॲल्युमिना असतं. त्याची आम्लता मारायला थोडं पोटॅशियमसारखं अल्कली घालतात.

तरी कोक धरतोच. म्हणून ओलेफ्लेक्स पद्धतीत उत्प्रेरकाचे बारीक गोळे सतत खाली सरकत राहतात, बाहेर कोक जाळतात आणि एकत्र गोळा झालेलं प्लॅटिनम क्लोरीन देऊन पुन्हा पसरवतात. दुसरी प्रचलित पद्धत कॅटोफिन. तिथे प्लॅटिनम नाहीच, ॲल्युमिनावर क्रोमियम ऑक्साइड असतं आणि दर काही मिनिटांनी प्रोपेन दुसऱ्या भट्टीकडे वळवून पहिलीतला कोक जाळतात. स्वस्त खरं, पण सहा-संयुजी क्रोमियम विषारी, ही त्यातली डोकेदुखी.

एक लक्षात घ्या: उत्प्रेरक कितीही भारी असला तरी समतोल, म्हणजे जास्तीत जास्त किती प्रोपेन बदलेल ती मर्यादा, हलवत नाही. अभिक्रिया उष्णता खाणारी आहे, मोलमागे साधारण १२४ किलोजूल. म्हणून ५५०–६५० अंश सेल्सिअस तापमान आणि कमी दाब लागतोच, आणि उरलेलं प्रोपेन परत फिरवावं लागतं.