वडिलांना ब्रेन हॅमरेज झालंय. ऑपरेशन नको म्हणतात, आयसीयूत नुसतं बीपी बघतायत. मुंबईला हलवू का?

मी ठाण्यातच आयसीयूत सिस्टर आहे. वडिलांचा सिटी स्कॅन मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दलचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही ज्याला 'नुसतं बीपी' म्हणताय, तीच सध्याची मुख्य ट्रीटमेंट आहे.

नस फुटल्यावर पहिले काही तास रक्त झिरपत राहू शकतं आणि साकळलेल्या रक्ताचा गोळा वाढतो. तो वाढू नये म्हणूनच ही धडपड. वरचं बीपी 150 ते 220 असेल तर ते साधारण 140 वर आणून 130 ते 150 मध्ये धरून ठेवायचं. मुद्दाम 130 च्या खाली न्यायचं नाही, आणि हेलकावेही नकोत. म्हणून लॅबेटालॉल किंवा निकार्डिपिनसारखं औषध शिरेतून देतात आणि दंडावरचा बीपीचा पट्टा सारखा फुगवून बघत राहतात. सोबत शुगर, ताप, गिळता येतंय का, हेही. 2023 मध्ये आलेल्या इंटरॅक्ट-3 अभ्यासात (भारतातलेही पेशंट होते) बीपी, शुगर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा ही चारही कामं झटपट केल्यावर पेशंट जास्त चांगले सावरले.

ऑपरेशनचं म्हणाल, तर सरसकट लवकर कवटी उघडून फायदा होत नाही, हे 2005 आणि 2013 च्या मोठ्या अभ्यासांत दिसलंय. लहान मेंदूत 3 सेंटीमीटरहून मोठा रक्तस्राव असेल किंवा मेंदूतलं पाणी तुंबलं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे न्यूरोसर्जन थांबत नाहीत. रक्तस्राव नेमका कुठे आणि केवढा, हे डॉक्टरांना विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'साडेचार तासांतलं इंजेक्शन' गुठळीच्या स्ट्रोकसाठी असतं. इथे ते दिलं तर रक्तस्राव आणखी वाढेल. अ‍ॅस्पिरिन चालू होती म्हणून प्लेटलेट चढवा, असा हट्टही धरू नका. ऑपरेशन होणार नसेल तर त्यानं नुकसानच जास्त होतं, असं 2016 च्या अभ्यासात निघालं. नातेवाईक रात्री दोन वाजता डोनर घेऊन उभे राहतात, त्यांना हे पटवणं फार अवघड जातं.

तिथे सिटी स्कॅन, चांगलं आयसीयू आणि बोलावल्यावर येणारे न्यूरोसर्जन असतील, तर मी हलवणार नाही. यातलं एखादं जरी नसेल तर जरूर हलवा, पण पुढच्या हॉस्पिटलात बेड पक्का करून, डॉक्टर आणि व्हेंटिलेटर असलेल्या कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्समधूनच. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बीपी चढलं तर साध्या गाडीत कोण काय करणार?

आणि घरी कुणाला तरी आत्ता फोन करून वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागवून घ्या. त्यात वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या) असेल तर लगेच सिस्टरना दाखवा. त्याचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक द्यावे लागतात, आणि ते राउंडपर्यंत थांबण्यासारखं नसतं.