पिस्तूल बाळगणाऱ्या भाचीला, मतदानाआधी

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. प्रश्न आडपडदा न ठेवता विचारलास, म्हणून मीही तसंच लिहिते. तुमच्या भागातून अमेरिकेच्या काँग्रेससाठी, म्हणजे संसदेच्या प्रतिनिधीगृहासाठी, उभा असलेला उमेदवार तुला आरोग्यविमा, शाळा, व्हिसा या सगळ्यांत पटतो. पण एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या विक्रीवर बंदी हवी, असं तो म्हणतो. तू पिस्तूल बाळगतेस, नेमबाजीच्या रेंजवर जातेस आणि तो तुझा हक्क आहे असं मनापासून मानतेस. मग त्याला मत द्यायचं का? कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. विचार कुठून सुरू करावा, एवढं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या मंडळींत हा विषय निघाला की ‘आपल्याला कशाला हवी ती बंदूक’ म्हणून लगेच निकालात काढतात, आणि तू गप्प बसतेस. ते मला आवडत नाही. सांगलीत वाढलेल्या माणसाला बंदूक म्हणजे कलेक्टर कचेरीतला परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे सरकारने दिला तर मिळतो, आणि निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. इथली गोष्ट मुळातच वेगळी आहे. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की घरात संरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. आपल्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत तर नागरिकांच्या या हक्काला आव्हान देता येणार नाही, असंच लिहून ठेवलंय. तेव्हा तू काही भलतं मागत नाहीस. पण हक्क खरा आहे म्हणून दर निवडणुकीत, दर पदासाठी तोच पणाला लागलेला असतो, असंही नाही.

मला विचारशील तर पहिला प्रश्न उमेदवाराबद्दल नाहीच, खुर्चीबद्दल आहे. ती खुर्ची तुझ्या पिस्तुलाचं नेमकं काय करू शकते? २९ जुलै २०२२ ला प्रतिनिधीगृहाने अशा रायफलींवर बंदी घालणारं विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केलं. पुढे काय झालं? सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात. तेवढी जमणं शक्य नव्हतं, आणि ते तिथेच संपलं. म्हणजे तुझ्या उमेदवाराने उद्या ‘होय’ म्हटलं तरी ते कायदा होण्याच्या वाटेत भलामोठा डोंगर आहे. शिवाय घरातलं पिस्तूल हेलरच्या निकालाने राखलेलं आहे. त्याचं आश्वासन खोटं आहे असं मी म्हणत नाही, तो मनापासून बोलत असेल. फक्त त्या आश्वासनाला तू सगळ्या मुद्द्यांच्या डोक्यावर बसवावंस इतकी ताकद त्या एका खुर्चीत नाही.

आता त्याच खुर्चीने खरंच काय केलं ते बघ. जुलै २०२५ मध्ये कर आणि खर्चाचं जे मोठं विधेयक आलं, ते अर्थसंकल्पाच्या खास मार्गाने आलं, त्यामुळे ६० मतांची अट नव्हती. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० झालं आणि उपाध्यक्षांच्या मताने ते तरलं. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१४. त्या कायद्यात बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरवरचा आणि आखूड नळीच्या रायफलींवरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला. हा कर १९३४ पासूनचा होता. रेंजवरच्या तुझ्या मित्रांना त्याचा आनंद झाला असणार. आणि त्याच कायद्याने मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, खर्चाला मोठी कात्री लावली. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली, मेडिकेडवरचे पेशंट हाताखालून गेलेत, त्यामुळे हे वाचताना माझा जीव तुटला. तुझा कल वेगळा असू शकतो. पण खासदाराला त्या दिवशी ‘करासाठी होय, मेडिकेडसाठी नाही’ असं म्हणता आलं नाही. बटण एकच होतं. मत देताना तुझंही तसंच होणार आहे. म्हणून बंदुकीच्या मुद्द्यावर उमेदवार नाकारताना त्याच्याबरोबर आणखी काय काय हातचं जातंय ते कागदावर लिहून काढ, आणि त्याला स्वीकारतानाही तेवढंच.

तुझ्या पत्रात गव्हर्नरचा आणि हॅरिसबर्गच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या, विधिमंडळाचा उल्लेखही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. नोव्हेंबर २०२६ च्या बॅलटवर तीही नावं आहेत, आणि बंदुकीचा खरा कारभार तिथे चालतो. आज तुला पिस्तूल लपवून जवळ बाळगायचं तर काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफकडून परवाना घ्यावा लागतो. हा परवाना नकोच, असं विधेयक विधिमंडळाने २०२१ मध्ये मंजूर केलं होतं. तेव्हाचे गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी डिसेंबरमध्ये त्यावर व्हेटो वापरला, म्हणून ते अडलं. एका सहीचा प्रश्न होता. दुसरं उदाहरण घे. आपल्या राज्यात ओळखीच्या माणसाकडूनही पिस्तूल विकत घेतलं तर व्यवहार दुकानदारामार्फत किंवा शेरीफच्या कचेरीतून करावा लागतो आणि बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी, होतो. लांब नळीच्या रायफलीला मात्र खाजगी विक्रीत ही अट नाही. ही फट बुजवणारं विधेयक राज्याच्या प्रतिनिधीगृहाने २०२३ मध्ये मंजूर केलं आणि ते राज्याच्या सिनेटमध्ये अडकलं. २०२४ च्या निवडणुकीत त्या प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध १०१ अशी विभागणी झाली. बाळा, एका जागेचा फरक! तुझ्या आवडीनिवडीचा कुठे खराखुरा उपयोग होणार असेल तर इथे.

(माझं मत लपवत नाही: ती फट बुजवावी असं मला वाटतं. पिस्तुलासाठी जी तपासणी तू आनंदाने होऊ दिलीस, ती रायफलीसाठी का नको, याचं पटेल असं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.)

उलट नगरपालिकेच्या उमेदवाराने बंदुकांवर भाषण ठोकलं तर त्याला फार किंमत देऊ नकोस. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ या ज्यू प्रार्थनास्थळात ११ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर शहराने स्वतःचे नियम केले आणि कोर्टाने ते रद्द केले, कारण पेनसिल्व्हेनियात असे नियम करायचा अधिकार शहरांना नाही, राज्यालाच आहे. न्यायाधीशांकडे मात्र लक्ष ठेव. आपल्याकडे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही मतदानाने निवडले जातात, तेही विषम वर्षांत, जेव्हा निम्म्याहून जास्त लोक मतदानाला फिरकत नाहीत.

पक्षाचं नाव बघून अंदाज बांधू नकोस. २०२२ च्या त्या रायफल बंदीला आपल्याच राज्यातल्या बक्स काउंटीचे रिपब्लिकन ब्रायन फिट्झपॅट्रिक ‘होय’ म्हणाले आणि मेन राज्याचे डेमोक्रॅट जेरेड गोल्डन ‘नाही’. पुढच्या वर्षी गोल्डन यांच्याच लुइस्टनमध्ये १८ माणसं मारली गेली, तेव्हा त्यांनी भूमिका बदलली. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेतल्या १७ हत्यांनंतर बंदूक खरेदीचं वय २१ करणाऱ्या कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली. नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकधारकांची संघटना उमेदवारांना ए ते एफ अशा श्रेणी देते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटांकडून उपाध्यक्षपदासाठी उभे राहिलेले टिम वॉल्झ यांना एकेकाळी ए होती, नंतर एफ झाली. श्रेणी बघ, पण तिथेच थांबू नकोस. नेमक्या कोणत्या विधेयकावर कसं मत दिलं ते काँग्रेसच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतं.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त बोलायची आहे. या देशात २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. जीव द्यायला औषधाच्या गोळ्या गिळलेली मुलं इमर्जन्सीत येत. रात्रभर धावपळ करायची आणि त्यातली बरीचशी सकाळी ‘आई कुठे आहे’ विचारत. ज्यांनी त्यासाठी बंदूक वापरली, ती बहुतेक आमच्यापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून उमेदवार फक्त गुन्हेगारांबद्दल बोलतोय की फक्त शाळांतल्या गोळीबाराबद्दल, हे मी ऐकते, आणि दोघांनाही एकच विचारते: घरातल्या बंदुकीला कुलूप, आणि माणूस खचलेला असताना ती काही दिवस त्याच्यापासून दूर ठेवण्याची सोय, याबद्दल तुम्ही काय करणार? तू स्वतः बंदूक बाळगतेस, तुझ्या तोंडून हा प्रश्न आला तर त्यांना तो टाळता येणार नाही. माझ्यासारखीने विचारला की ते मला विरोधकांत ढकलून मोकळे होतात. टाउन हॉलला, म्हणजे उमेदवाराच्या प्रश्नोत्तरांच्या सभेला, जाऊन विचारच.

एका मुद्द्यावर मत देणं हा काही गुन्हा नाही. खुर्चीच्या हातात तो निर्णय असेल, लढत अटीतटीची असेल आणि बाकी जे गमवायचं ते तू डोळे उघडे ठेवून मान्य केलं असेल, तर दे. तुझ्या तराजूत बंदूक माझ्यापेक्षा जड भरली म्हणून मी तुझ्याशी बोलणं टाकणार नाही. मात्र त्या काँग्रेसच्या जागेसाठी, निव्वळ रायफल बंदीच्या एका वाक्यावरून, मी स्वतः त्याला नाकारणार नाही.

आणि तू घर बदललंयस, तेव्हा मतदार नोंदणीतला पत्ता आधी बदलून घे. मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. पक्षाच्या रकान्यात काय लिहिलंयस तेही बघ. आपल्याकडे प्राथमिक फेरीत फक्त त्या त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मत देता येतं, आणि तुमच्या भागात आमदार बहुतेक त्याच फेरीत ठरतो. नमुना बॅलट हाती आला की फोन कर, आपण दोघी एकेक नाव घेऊन बसू.

तुझी,
मावशी