शुगर तपासणीचा स्टॉल लावण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजातल्या बारा जणांच्या गटाला १४ नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या, आठवड्यात मधुमेह जागृती आणि सकस आहाराचा कार्यक्रम करायचाय. मोफत शुगर तपासणी, पोस्टर स्पर्धा, डॉक्टरांचं व्याख्यान आणि शुगर-फ्री पदार्थांचा स्टॉल असा बेत ठरलाय, आणि गर्दी कशी जमवायची हे तुम्हाला हवंय. विद्यार्थी असताना तीन वर्षं आणि नंतर मार्गदर्शक म्हणून सहा वर्षं मी असे कार्यक्रम केलेत. गर्दीबद्दल शेवटी लिहिते, कारण आधी बेतच थोडा बदलावा असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी आम्ही प्रवेशद्वारापाशी मोठा फलक लावला होता, 'गोड सोडा, मधुमेह टाळा'. आमच्याच वर्गातली एक मुलगी तो वाचून काही न बोलता निघून गेली. तिला नवव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह होता. ती दिवसातून चारदा इन्सुलिन घ्यायची आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. महिनाभराने ती मला म्हणाली, "तुमचा फलक वाचला की वाटतं, हा आजार मीच ओढवून घेतलाय." ते वाक्य मी विसरलेले नाही. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि पथ्य पाळून टळत नाही. टाइप २ मध्येही आनुवंशिकता, वजन, बैठं काम, वाढतं वय असं बरंच काही एकत्र येतं. तेव्हा तुमच्या एकाही पोस्टरवर दोष देणारं वाक्य नको. आणि 'मधुमेह' लिहाल तिथे कोणता प्रकार, तेही लिहा.

म्हणून पहिलं काम हे, की तुमच्या कॅम्पसवर मधुमेह घेऊन जगणारे जे कुणी आहेत त्यांना खुलं निमंत्रण द्या. त्यांना शोधत फिरू नका आणि नाव उघड करायचा आग्रह धरू नका. ज्यांना यावंसं वाटेल त्यांना एकच विचारा: इथे तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो? त्या मुलीने आम्हाला सांगितलं, की ती स्वच्छतागृहात जाऊन इंजेक्शन घेते. परीक्षेच्या हॉलमध्ये ग्लुकोजच्या गोळ्या न्यायला पर्यवेक्षक आडकाठी करतात आणि प्रत्येक वेळी तिला सगळ्यांदेखत समजावून सांगावं लागतं. दुसऱ्या वर्षीच्या आमच्या कार्यक्रमातलं सर्वांत उपयोगी काम याच गोष्टीतून निघालं. ग्लुकोमीटर (शुगर मोजायचं यंत्र), गोळ्या आणि पाणी हॉलमध्ये चालेल, असा लेखी नियम आम्ही करून घेतला.

त्याच्या जोडीला वसतिगृहाचे वॉर्डन, सुरक्षारक्षक, व्यायामशाळेचे प्रशिक्षक यांच्यासाठी हायपोचं, म्हणजे शुगर फार उतरल्यावर काय करायचं त्याचं, पाऊण तासाचं प्रात्यक्षिक घ्या. शुगर दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस गोंधळतो. अशा वेळी १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी, म्हणजे पाण्यात तीन-चार चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवायची. कुणी घाबरून इन्सुलिन टोचू नये, हे तर तीनदा सांगा. आणि विद्यार्थ्यांना टाइप १ ची लक्षणं नक्की सांगा: खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं, सततचा थकवा. त्यात उलट्या किंवा खोल, जोरजोरात श्वास सुरू झाला तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. या वयोगटात जीव वाचवणारी माहिती हीच आहे आणि बहुतेक कार्यक्रमांत नेमकी हीच सुटते.

आता तपासणी. स्टॉल लावू नका असं मी म्हणणार नाही, पण विसाव्या वर्षातल्या तीनशे मुलांची बोटं टोचून फारसं हाती लागत नाही. बहुतेकांचा आकडा ठीक येतो, 'मला काही नाही' असं वाटून ते निघून जातात, आणि लांबलेली रांग बघून आपल्याला समाधान वाटतं. ग्लुकोमीटरवर निदान होत नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेच त्याच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. हात न धुता, फळ खाल्लेल्या बोटाचं रक्त घेतलं तरी आकडा फुगतो. निदान प्रयोगशाळेतल्या चाचणीवर होतं: आठ तास उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर तेही दुसऱ्या चाचणीने पक्कं करावं लागतं.

खरी जोखीम आहे ती कॅम्पसवरच्या चाळिशी ओलांडलेल्यांना. माळी, सुरक्षारक्षक, मेसमधले कर्मचारी, ग्रंथालयातले लोक, प्राध्यापक. हे कुणी दुपारी एक वाजता तुमच्या स्टॉलवर येत नाहीत, कारण तेव्हा ते कामावर असतात. सकाळी पाळी सुरू होण्याआधी, ते जिथे जमतात तिथे जा. फिनलंडमध्ये तयार झालेली फिंडरिस्क (FINDRISC) ही मधुमेहाची जोखीम मोजणारी आठ प्रश्नांची यादी वापरा. त्यात वय, कमरेचा घेर, व्यायाम, भाज्या-फळं, रक्तदाबाची औषधं, पूर्वी कधी शुगर वाढली होती का, घरात कुणाला मधुमेह आहे का, असे प्रश्न असतात. रक्त लागत नाही. कमाल २६ गुण आणि १५ किंवा त्याहून जास्त आले तर जोखीम जास्त. अशा लोकांनाच प्रयोगशाळेत पाठवा. विद्यार्थ्यांना तीच यादी आई-वडिलांसाठी घरी न्यायला द्या.

बोट टोचणारच असाल तर ते प्रशिक्षित माणसाने आडोशाला करावं. प्रत्येकासाठी एकदाच वापरायची लॅन्सेट (बोट टोचायची बारीक सुई) हवी. एकच लॅन्सेट पेन अनेकांना वापरल्याने हेपेटायटिस बी पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत. सुया टाकायला जाड डबा हवा. आणि ज्याचा आकडा वाढलेला निघेल त्याला दोन आठवड्यांनी फोन करणारा माणूस आधीच ठरलेला हवा. असा माणूस मिळत नसेल तर स्टॉल रद्द करा.

आहाराबद्दल. शुगर-फ्री पदार्थांचा स्टॉल मी काढून टाकला असता. साखर नसली तरी पीठ आणि तूप-तेल असतंच आणि लोक दुप्पट खातात. त्यापेक्षा काचेची बरणी, साखर आणि चमचा ठेवा. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये किती चमचे साखर असेल, ते येणाऱ्याला स्वतः ओतायला सांगा. लोक चार-पाचवर थांबतात. खरा आकडा साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे जवळपास नऊ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा त्यानंतरच सांगा: वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. स्वतःच्या हाताने नववा चमचा ओतलेला मुलगा हे विसरत नाही.

ताटाचं गणित सोपं ठेवा: अर्धं ताट भाज्या, पाव भाग धान्य, पाव भाग डाळ, अंडं, मासे असं प्रथिनांचं काही. मेसच्याच ताटात हे बसवून दाखवा, कारण रोज जेवायचं तिथेच असतं. वजनकाटा, कॅलरी मोजण्याची स्पर्धा, आधी-नंतरचे फोटो मात्र कटाक्षाने टाळा. या वयात खाण्याशी झगडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि चारचौघांत उच्चारलेला वजनाचा आकडा त्यांना फार लागतो.

भाषेकडेही लक्ष द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅफेटेरियात केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच भाज्या, त्याच पद्धतीने शिजवलेल्या, फक्त नावाची पाटी बदलायची. 'साखर न घातलेलं'सारख्या पथ्याच्या पाटीपेक्षा चवीचं वर्णन करणारी पाटी असताना ४१ टक्के जास्त लोकांनी भाजी घेतली. तेव्हा 'आरोग्यदायी' हा शब्द पाटीवरून उतरवा. मेसवाल्यांशी बोलताना मागण्या लहान ठेवा: पिण्याचं पाणी दर्शनी भागात, कापलेली फळं पैसे देण्याच्या जागेजवळ, चहा-कॉफीची साखर वेगळी. आमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी टिकल्या, तिसरी महिन्याभरात बंद पडली. पुन्हा विचारली, पुन्हा सुरू झाली.

डॉक्टरांचं व्याख्यान वीस मिनिटांचं ठेवा, पुढचा वेळ प्रश्नांना. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, मुलं नावानिशी विचारत नाहीत. आणि सुरुवातीची दहा मिनिटं तुमच्यातल्याच एकाने १४ नोव्हेंबरच का, हे सांगावं. तो इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्मदिवस. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटोत त्याच्यासोबत प्रयोगशाळेत राबणारा चार्ल्स बेस्ट २२ वर्षांचा होता, नुकताच पदवी घेतलेला विद्यार्थी. जानेवारी १९२२ मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं ते फारसं लागू पडलं नाही. त्यांच्या गटातल्या जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी दुसरं दिलं आणि मुलगा सावरला. त्याआधी असं मूल फार काळ जगत नसे. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी सभागृह गप्प होऊन ऐकतं.

राहिली गर्दी. वेगळा मंडप नको. जेवणाच्या वेळी मेसबाहेर रांग लागतेच, बरणी आणि चमचा घेऊन तिथे उभे राहा. एका दिवसात निम्मं कॉलेज भेटतं. ग्लुकोमीटर आणि गोळ्या हॉलमध्ये चालाव्यात म्हणून परीक्षा विभागाला द्यायचं पत्र मात्र कार्यक्रमाची वाट न पाहता याच आठवड्यात द्या. आमच्या पत्राला उत्तर यायला सात आठवडे लागले होते आणि तोवर एक परीक्षा होऊन गेली होती.