मुलगा तीन वर्षांचा झाला, दिवसा डायपर सुटला पण रात्री गादी ओली करतो. घरचे म्हणतात सहानंतर पाणी बंद करा. करू का?

नका करू. तीन वर्षांचं लेकरू रात्री गादी ओली करणारच, त्यात सुधरवण्यासारखं काही नाही. हे "सहानंतर पाणी बंद" आमच्याकडे मोठ्या जाऊबाईंनी केलं होतं, म्हणून लिहायला बसले.

घरात लग्न होतं, तेही मे महिन्यात, नागपूरचा मे म्हणजे पारा 45 वर, तिथल्या महाल भागातल्या जुन्या घरी सगळे गच्चीवर गाद्या टाकून झोपायचो. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. सकाळी गादी ओली निघाली तर जाऊबाईंनी ती चादर सगळ्या पोट्ट्यांसमोर कठड्यावर टाकली आणि म्हणाल्या, "एवढा घोडा झाला तरी मुतते, डायपरनं बिघडवलं याले." पोट्टे हसले. हा माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभा, रडलासुद्धा नाही. मग त्यांचा नियम सुरू, मी पंगतीकडे गेले की याच्या हातातला पाण्याचा ग्लास काढून घ्यायच्या. चार दिवसांत पोरगा स्वतःच पाणी मागेना, भर दुपारीसुद्धा! संडास कडक झाली, पोट दुखायला लागलं, आणि गादी आधी कधीमधी ओली व्हायची ती आता रोज. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिलं आणि सांगितलं की आतड्यात मळ साचला की लघवीच्या पिशवीवर दाब येतो, मग तिच्यात मावतच नाही. तशीही पिशवी केवढीशी, तीन वर्षांच्या पोराची 150 मिलीच्या आसपास. दिवसभर भरपूर पाणी, फळं, पोट साफ, एवढ्यानंच गाडी रुळावर आली.

आणि डायपरचा काही संबंध नाही हो. झोपेत लघवी कमी बनवणारं हार्मोन काही लेकरांत उशिरा वाढते, पिशवी भरल्याचा निरोप गाढ झोपेत पोचत नाही, आणि हे घराण्यातून येते. सासूबाईंनीच नंतर सांगितलं की माझे मिस्टर दुसरीत जाईपर्यंत गादी ओली करायचे आणि भासरेही, म्हणजे याच जाऊबाईंचे मिस्टर! तेव्हा काही डायपर नव्हते मिळत इथे. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधराएक मुलं अशी असतात, ती काय सगळी बिघडलेली आहेत का? चारचौघांत लेकराला हिणवणाऱ्याला तिथंच गप्प करायचं, मान मोठा असला तरी. मी केलं, वर्षभर बोलणं बंद होतं, चाललं.

तुमच्यासाठी म्हणाल तर गादीवर मेणकापड, झोपताना शू, रात्रीचं दूध थोडं आधी, बस. रात्री उठवून नेलं तर गादी वाचते, पण अर्धवट झोपेत ते लेकरू शिकत काहीच नाही. रात्रीचा डायपर अजून वर्षभर राहिला तरी राहू द्या.

हां, पण सहा महिने कोरडा राहून पुन्हा सुरू झालं, शू करताना दुखतंय, ताप आहे, किंवा एकदम खूप तहान लागून वजन उतरतंय, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि लघवीसोबत शुगरही तपासा, लहान लेकरांनाही होते ती.