पद्मिनीचे पाट्याचे बुश सहा महिन्यांत का फाटतात?

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ची आहे. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे टोकांना बसणाऱ्या रबरी नळ्या, बदलून घेतले, पण सहा महिन्यांतच स्पीडब्रेकरवर ठक-ठक पुन्हा सुरू झाली. उघडून पाहिलं तर पुढच्या बुशचं रबर नळीपासून सुटलेलं. माल खराब होता का? आता पॉलियुरेथेनचे घालावेत का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मालाचा दोष असू शकतो; पण आधी विचारा, बोल्ट आवळले तेव्हा गाडी कुठे होती? चाकं लोंबकळत असताना आवळले असतील, तर चांगल्यात चांगला बुशही टिकत नाही.

हा सायलेंट ब्लॉक म्हणजे दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये पक्कं चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. पाटा हलतो तो फक्त रबराच्या पिळावर, घसरत काहीच नाही. लोंबत्या पाट्यावर आवळलं की गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. प्रत्येक खड्डा त्यावर आणखी पीळ देतो आणि रबर नळीपाशी सुटतं.

म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मगच आवळा. शॅकलचेही (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) तसेच.

जुने बोल्ट काढताना चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) स्टँड द्या आणि अ‍ॅक्सलखाली (मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली) वेगळा जॅक लावा. जॅक अगदी थोडा-थोडा वरखाली करत राहिलात की एका उंचीवर पाट्याचं वजन उतरतं आणि बोल्ट बोटांनी फिरायला लागतो. ती उंची सापडेपर्यंत हातोडा उचलू नका, आटे जातात. बोल्ट आतल्या नळीत गंजून बसला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

जुना बुश गॅसने जाळून काढायची पद्धत सर्रास आहे. ती कृपया करू देऊ नका. मेन (सगळ्यात लांब) पाट्याचं टेम्पर, म्हणजे पोलादाला दिलेला कणखरपणा, उतरतं आणि पाटा पुढे नेमका तिथेच तुटतो. रबर ड्रिलने पोखरा, बाहेरच्या नळीला हॅकसॉच्या पात्याने आतून एक चीर द्या (पाट्याला पातं लागता कामा नये) आणि छिन्नीने नळी आत दुमडा. नवा बुश प्रेसने किंवा मोठ्या व्हाइसमध्ये बसवा. दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर यावा, त्यासाठी मापाचा सॉकेट चालतो. आतल्या नळीवर दाब दिला तर रबर बसवतानाच सुटतं.

खरेदीला जाताना जुना बुश आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) सोबत न्या. बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी, तिन्ही मापं जुळवा. रबरात नख रुतवून पाहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल कडक होतो, बारीक चिरा दिसतात.

पॉलियुरेथेनचा बुश नळीवर फिरतो, त्यामुळे त्याला पिळाची भीती नाही. पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, कोरडा पडला की करकरतो, आणि रस्त्याचे हादरे बॉडीत जास्त येतात. रोजच्या, घरच्या पद्मिनीला रबरच बरं.

प्रश्न : शॅकलचे रबर बुश सहज आत जावेत म्हणून ग्रीस लावलं तर चालेल का?

उत्तर : नाही. साध्या ग्रीसने आणि इंजिन ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं. साबणाचं पाणी लावा, ते वाळून जातं. पाटा उतरवला असेल तर बसवताना सेंटर बोल्टचं (पाट्याची पानं मधोमध जोडणाऱ्या बोल्टचं) डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय ना ते पाहा, आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर यू बोल्टचे (पाटा अ‍ॅक्सलला धरून ठेवणाऱ्या बोल्टचे) नट पुन्हा आवळा.